दूर्वांऐवजी समतुल्य वस्तू

गणपतीला तुळस चालत नाही, ही गोष्ट फुलं घरपोच देणाऱ्या 'देवदारी' ॲपच्या यंत्राला कुणी सांगितलेली नव्हती. त्यामुळे आश्विनातल्या एका मंगळवारी सदाशिव पेठेतल्या सत्यशीलाबाईंनी दाराच्या कडीला अडकवलेली फुलपुडी आत आणून सोडली, तेव्हा तिच्यातून झेंडू निघाला, एक दमलेलं जास्वंद निघालं आणि दूर्वांच्या जागी तुळशीची हिरवीगार जुडी निघाली. सोबत छापील चिठ्ठी होती : 'दूर्वा शिल्लक नसल्यामुळे समतुल्य वस्तू पाठवत आहोत. आपला दिवस मंगलमय जावो.'

सत्यशीलाबाईंनी तुळस दोन बोटांनी उचलून बाजूच्या ताटलीत ठेवली. कान धरून गणपतीची माफी मागितली. मग पाटावरून न उठता त्या हळू आवाजात म्हणाल्या, "नम्रता, गॅस बंद कर गं. चहा नको."

"आई, झालाय चहा. गाळतेच आहे."

"तुझा तू घे."

सुनेच्या हातातलं गाळणं तसंच हवेत राहिलं. सासूबाईंचा चातुर्मासाचा नेम होता : गणपतीला दूर्वा वाहिल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. चहा नाही, म्हणजे चहामागून घ्यायची रक्तदाबाची गोळीही नाही. आणि हा नेम त्यांनी स्वतःच्या गुडघ्यांसाठी धरला नव्हता, की बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलासाठी, शुभंकरसाठीही नाही. तो होता नम्रतासाठी. ती एका संशोधन संस्थेत कंत्राटावर होती. दिवाळीनंतर कंत्राट संपणार होतं, आणि हातातला अहवाल नीट पार पडला तरच कायम करू, असं संचालकांनी सांगितलं होतं.

देवाकडे मागायचं ते नेमकं मागावं, ही सत्यशीलाबाईंची रीत. म्हणून आषाढात नेम धरण्याआधी त्यांनी विचारून घेतलं होतं, "अहवाल आहे कशावर?"

"डिजिटल बाजारातल्या स्पर्धेवर, आई. म्हणजे बघा, मोठ्या ॲपवाल्या कंपन्या सुरुवातीला फुकट देतात. आजूबाजूचे छोटे विक्रेते उठले, की मग मनाला येईल तसं वागतात. त्यांना आधीच वेसण घालावी का, ते शोधायचं."

"हे शोधायला पगार देतात?"

"सध्या देतात."

"मग शोध बाई," असं म्हणून त्यांनी दूर्वांचा नेम धरला होता.

आता दूर्वा नव्हत्या, आणि त्या नसण्याचं मूळ त्या शोधातच होतं.

देवदारी येण्याआधी इमारतीतल्या आठही घरांना मैना फुलं देत असे. ती कसबा पेठेतून पहाटे चालत यायची आणि केळीच्या सोपटाने बांधलेल्या पुड्या आठ कड्यांना अडकवून जायची. गाठ अशी, की एका बाजूने ओढली तर पुडी उमलायची आणि दुसऱ्या बाजूने ओढली तर दातांनीच सोडावी लागायची. कुणी तिला वाट पाहायला लावलं, तर ती म्हणायची, "घ्या लवकर, देव थांबंल, फुलं नाही थांबायची."

श्रावणात नम्रताच्या संचालकांनी, डॉ. उत्तरेश्वर सरांनी, अहवालाचा कच्चा मसुदा परत केला होता. सर हसतमुख होते. नाही म्हणतानाही ते चहा मागवत.

"विचार छान आहेत, नम्रता. पण आकडे? दिल्लीहून समिती येणार आहे, ती विचार ऐकायला येत नाही. एखादं ॲप घे. वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळा भाव दाखवतात का बघ. खरी माणसं, खरी घरं."

त्याच आठवड्यात 'देवदारी' पुण्यात आलं होतं. पहिला महिना फुकट, घरपोच फुलपुडी. नम्रताने इमारतीतल्या घराघरांत जाऊन हात जोडले. "फक्त संशोधनासाठी घ्या हो. महिनाभर. मग बंद करून टाका." फुकटच्या महिन्यासाठी कुणाचा तरी परिचय कोड घालावा लागे. तिने सगळ्यांच्या फोनमध्ये आपलाच घातला. खालच्या मजल्यावरच्या बापूरावांनी, म्हणजे सोसायटीच्या सचिवांनी, चष्मा कपाळावर चढवून फोन तिच्या हाती दिला होता.

"सूनबाई, यात माझं काही जाणार नाही ना?"

"काही नाही, काका. उलट ज्ञानात भर पडेल."

"ती कुणाच्या?" बापूराव म्हणाले होते.

प्रयोग उत्तम झाला. सात फोनांवर पुढच्या महिन्याचे सात भाव दिसले. ज्यांच्या फोनमध्ये दवाखान्याची ॲपं जास्त, त्यांना फुलं महाग होती. नम्रता इतकी खूश झाली, की मैना आता एकाच कडीला पुडी अडकवते आहे हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सत्यशीलाबाईंच्या आलं. त्या प्रयोगात नव्हत्या. चार-पाच दिवसांनी मैना त्यांच्या दारात टेकली.

"आजी, एका घरासाठी एवढी पायपीट नाही परवडत. सगळे म्हणतात ताईंनी सांगितलंय. ताई शिकलेल्या, काहीतरी बरंच असंल."

"महिनाभराचंच आहे गं ते."

"मग महिन्याने बघू," मैना म्हणाली आणि पायरी उतरून गेली.

महिना संपला, पण कुणीच काही बंद केलं नाही. बंद करायचं बटण नम्रताने दोन संध्याकाळी शोधलं आणि ते सापडत नाही, या गोष्टीवर अहवालात एक चांगला परिच्छेद लिहिला. सासूबाईंच्या नेमासाठी तिने नाइलाजाने स्वतःच्याच फोनवर देवदारी चालू केलं.

आणि आज ही तुळस.

नम्रता फोन घेऊन देवघरापाशीच बसली. ॲपमध्ये मदतीसाठी एक हसरी समई होती. तिला दाबलं की ती बोलायची.

'नमस्कार, नम्रताजी! आपल्या भावना आमच्यासाठी मोलाच्या आहेत.'

"गणपतीला तुळस चालत नाही," नम्रताने लिहिलं.

'पाठवलेली वस्तू त्याच रंगाची व त्याच वजनाची आहे.'

"अहो, शास्त्रात निषिद्ध आहे!"

समईने थोडा विचार केला. 'आपण निवडलेल्या देवतेशी वस्तू जुळत नाही असे दिसते. देवता बदलायची आहे का? विष्णू, बालाजी, विठ्ठल उपलब्ध.'

"काय म्हणते?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"देव बदलायचाय का, विचारतेय."

"म्हणावं, देव नाही बदलायचा. दुकान बदलायचंय."

"तसा पर्याय नाहीये, आई."

सत्यशीलाबाईंनी समोरच्या पितळी गणपतीकडे पाहिलं. "तुझ्या अहवालात लिही हे," त्या म्हणाल्या.

नम्रता स्कूटर काढून मंडईत गेली, गाडी लावायला जागा शोधली, दूर्वा घेतल्या, परतली. सासूबाईंचा चहा साडेनऊला झाला आणि नम्रता संस्थेत अकराला पोचली. मग हे वरचेवर होऊ लागलं. कधी दूर्वांऐवजी गवती चहा आला, कधी कोथिंबीर. त्या दिवशी सत्यशीलाबाई रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "निदान आमटीला उपयोग झाला." एकदा नम्रताने आदल्या रात्री दूर्वा आणून ठेवायचं सुचवलं, तर त्या इतक्या दुखावल्या की तिने पुन्हा विषय काढला नाही. शिळ्या दूर्वा वाहायच्या, तर नेम कशाला धरायचा?

"नम्रता, अलीकडे उशीर होतो," उत्तरेश्वर सर चहा मागवून म्हणाले. "समिती पुढच्या गुरुवारी आहे. तुझ्यासाठीच सांगतो."

त्या संध्याकाळी ती कसबा पेठेत गेली. मैना ओट्यावर लसूण सोलत होती. जवळ फुलांची टोपली उपडी घातलेली होती.

"मैनाताई, उद्यापासून या ना. आईंचं फार अडलंय."

"येईन की. आठ घरं लावा परत. का नाही येणार?"

"आत्ता एकच घर आहे. मी जास्त पैसे देते."

"ताई, जास्त देऊन तुम्ही किती देणार? मला मार्केट यार्डातून फुलं आणायला रिक्षा लागती. आठ घरं असली की रिक्षा निघती. एका घरात नुसती माझी चप्पल झिजती." तिने लसणाची साल फुंकून उडवली. "आजींना सांगा, दूर्वा आठवतात त्यांच्या."

नम्रताने रात्री बापूरावांकडे सगळ्यांना जमवलं. आपल्याच प्रयोगाने मैनाचं काम गेलं, हे तिने कबूल केलं. भाव कसे वाढले ते तक्ता काढून दाखवलं. सगळ्यांनी तक्ता हातोहात फिरवला. ज्यांना फुलं स्वस्त मिळत होती, त्यांनी तो जरा जास्त वेळ पाहिला.

"पटतंय," बापूराव म्हणाले. "मक्तेदारी वाईटच."

"मग बंद करूया ना, काका?"

"आता कसं करणार? गेल्या आठवड्यात 'अखंड सेवा' घेतली मी. वर्षाचे पैसे आगाऊ भरले की नारळ फुकट होता."

"कशाला घेतलीत?"

"तुम्हीच म्हणालात, संशोधनासाठी घ्या. आम्ही आपलं विज्ञानासाठी घेतलं. आता विज्ञानाने वर्षाचे पैसे कापून घेतले, त्याला आम्ही काय करणार?" त्यांनी तक्ता घडी करून परत दिला. "आणि एक सांगू? झेंडू मात्र ताजा असतो."

नारळ सगळ्यांनाच मिळाला होता.

गुरुवार उजाडला. समितीची सुनावणी साडेनऊला, सेनापती बापट रस्त्यावरच्या एका हॉटेलात. पुडीत त्या दिवशी दूर्वांऐवजी पुदिना होता.

"तू जा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मी थांबते."

"आई, आजच्या दिवस गोळी तरी घ्या."

"तुझ्यासाठीच धरलाय ना नेम? मग आजच्याच दिवशी मोडू?"

नम्रता तशीच मंडईत गेली, दूर्वा घेतल्या. पण परत घरी जाऊन तिथून हॉटेल गाठायचं, तर सुनावणी सुरू झाली असती. विक्रेत्याने कोमेजू नये म्हणून जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. तिने ती लॅपटॉपच्या पिशवीत ठेवली. आपलं झालं की स्कूटरने तडक घरी, असा हिशेब.

हॉटेलच्या दालनात पुष्पगुच्छ फार होते. समितीचे तिघे, मागे वकील, संस्थांची माणसं आणि देवदारीचा एक तरुण प्रतिनिधी. त्याने कपाळाला बारीक गंध लावलं होतं आणि वर कोट घातला होता. दुपार झाल्यावर नम्रताचं नाव पुकारलं गेलं. तिने लॅपटॉप उघडला. तो उघडला, पण लागला नाही. कळफलकातून पाण्याचे दोन थेंब ओघळून टेबलावर पडले, आणि त्यांच्या मागोमाग दूर्वेची एक काडी.

"हे काय आहे?" अध्यक्षांनी विचारलं.

"दूर्वा," नम्रता म्हणाली.

"पुरावा म्हणून आणल्यात?"

मागे कुणीतरी हसलं. देवदारीचा प्रतिनिधी मात्र हसला नाही. तो तत्परतेने उठला. "मॅडम, माझा लॅपटॉप वापरा ना. आपण तर आमच्याच."

"मी तुमची नाही."

"असं कसं?" त्याने अदबीने आपला पडदा समितीकडे वळवला. त्यावर नम्रताचा फोटो होता, तिने ॲपला कधीतरी दिलेला, आणि त्याभोवती झेंडूची चौकट. "नम्रता मॅडम आमच्या पुण्यातल्या पहिल्या सुवर्ण भक्तिमित्र आहेत. त्यांच्या कोडवर अख्खी इमारत आली. पुण्यात दुसऱ्या कुणाचंही एवढं काम नाही."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "कोड आपलाच का?"

"हो. पण तो प्रयोगासाठी..."

"रहिवाशांवर कंपनीने जबरदस्ती केली?"

"नाही. मीच त्यांना विनंती केली."

"म्हणजे स्वखुशीने आले."

"स्वखुशीने आले, पण जाता येत नाही! आणि ज्या बाई फुलं द्यायच्या, त्यांचं काम गेलं."

"कोण, मैना मावशी?" प्रतिनिधीचा चेहरा खुलला. "सर, त्या सोमवारीच आमच्या कात्रजच्या गोदामात रुजू झाल्या. पुड्या बांधायला. अशा हातांना आम्ही न्याय देतो."

लिहिणाऱ्या कारकुनाने 'स्वखुशीने' आणि 'न्याय' हे दोन्ही शब्द उतरवून घेतले. बटणावरचा चांगला परिच्छेद बंद लॅपटॉपमध्ये होता. नम्रताला तो तोंडपाठ होता, पण तो म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

ती घरी पोचली तेव्हा दोन वाजून गेले होते. सत्यशीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुकलेले, डोळे मिटलेले, हातात जपमाळ तशीच. नम्रताने काही न बोलता चुरगळलेली जुडी पुढे केली. त्यांनी एकेक काडी पाण्यातून काढून सरळ केली, मोडकी बाजूला ठेवली, चांगल्या निवडून वाहिल्या.

"कसं झालं?"

"लॅपटॉप भिजला, आई. सगळं पाण्यात गेलं."

"दूर्वा राहिल्या ना," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "टाक चहा."

दिवाळीनंतर उत्तरेश्वर सरांनी तिला बोलावलं. आज चहाबरोबर बिस्किटंही होती, म्हणजे प्रकरण अवघड होतं. नम्रता टेबलावरच्या वस्तू आवरायच्या मनाने गेली होती.

"अभिनंदन. कायम झालीस."

"मी? सर, तो अहवाल तर..."

"अहवालाचं सोड. समितीने 'आणखी अभ्यास व्हावा' असं म्हटलंय. मोठी गोष्ट आहे. आणि तो अभ्यास आपणच करणार. देवदारीने संस्थेला अध्यासन दिलंय. 'देवदारी न्याय्य स्पर्धा अध्यासन'. त्यांची अट एकच, प्रमुख तू हवीस. म्हणाले, ग्राहकांचा विश्वास मिळवणारी व्यक्ती."

"पण सर, ज्यांच्यावर अभ्यास करायचा, त्यांच्याच पैशातून?"

"मग कुणाच्या?" सरांनी खरोखर कुतूहलाने विचारलं. त्यांनी तिच्याकडे बिस्किटांची बशी सरकवली. तिने एक घेतलं.

घरी तिने सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. सत्यशीलाबाई वाती वळत होत्या. त्यांनी हातातली वात पुरी केली.

"म्हणजे नवस फळला म्हणायचा."

"आई, हे असं मागितलं होतंत का तुम्ही?"

"मी म्हटलं होतं, सुनेची नोकरी पक्की होऊ दे. कुणाच्या पैशाने, ते सांगायचं राहिलं." त्यांनी वात तुपात बुडवली. "एरवी किती नेमकं मागते मी. यंदा चुकलंच. त्यानेही मग समतुल्य वस्तू पाठवली."

"नको म्हणू का मी सरांना?"

सत्यशीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. बंगळूरहून महिन्यातून एकदा येणारा मुलगा, या घराचा हप्ता, आपल्या गोळ्या, सगळं त्या पाहण्यात होतं. मग त्यांनी मान खाली घालून दुसरा कापूस घेतला. "उद्यापनाला मैनाला जेवायला बोलाव," एवढंच त्या म्हणाल्या.

नम्रताने फोन लावला. पलीकडे खूप माणसांचा आणि फिरत्या पट्ट्याचा आवाज येत होता.

"ताई, द्वादशीला सुट्टी नाही हो. सणासुदीचं तर इथं उठायलासुद्धा देत नाहीत."

"अर्धा दिवस तरी या."

"आता वर्षभर दुसरीकडे कुठं फुलं द्यायची नाहीत, असा अंगठा दिलाय मी. तुमच्या दारात दिसले, तर फुलं द्यायलाच आले म्हणतील. आजींची पुडी मीच बांधत असंन बघा. पण वर नाव नसतं, नुसता नंबर. कुणाची ते कळत नाही. म्हणून मी आपल्या सगळ्याच नीट बांधते. दूर्वा नसल्या की यंत्र सांगतं, हे घाल. मी म्हटलं एकदा, अरे गणपतीला तुळस? तर साहेब म्हणाला, मावशी, तुम्ही बोटं चालवा."

उद्यापनाच्या सकाळी कडीला मोठी पुडी होती. नम्रता आता अध्यासनाची प्रमुख असल्यामुळे फुलं वाढवून आली होती. सत्यशीलाबाईंनी गाठ एका बाजूने ओढली आणि पुडी उमलली. त्या थबकल्या. सोपट नव्हतं, प्लॅस्टिकचा दोरा होता. पण गाठ तीच होती.

आत दूर्वा होत्या, ताज्या, निवडलेल्या. आणि शेजारी तुळशीची भली मोठी जुडी. चिठ्ठीवर होतं : 'आपल्या सन्माननीय भक्तिमित्रास सदिच्छा भेट.'

सत्यशीलाबाईंनी दूर्वा वाहिल्या, चातुर्मासाचा नेम देवाच्या पायाशी ठेवला, आरती केली. मग ताटलीतली तुळस उचलून त्या स्वयंपाकघरात आल्या आणि उकळत्या चहात मूठभर पानं चुरून टाकली.

"आई! अहो, ती..."

"गणपतीला चालत नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आपल्याला चालवून घ्यायला हवी."

त्यांनी दोन कप भरले आणि एक सुनेपुढे सरकवला. चहा भलताच कडू झाला होता. दोघींनी तो पूर्ण प्यायला.